रिकाम्या घरांची ऊब

स्कॉटलंडमधल्या आमच्या क्रेगलारा वसाहतीत जुन्या इमारती पाडून टप्प्याटप्प्याने नव्या बांधायचं ठरलं. अख्ख्या वसाहतीला ऊब देणारा बॉयलर मात्र पहिल्याच टप्प्यात बसवला, नऊशे घरांच्या मापाचा. नवी घरं होती चाळीस. एवढ्याशा कामाला तो चालू राहीना. पेटला की पाच मिनिटांत बंद.

मग इंजिनियर टुलॉकसाहेबांनी शक्कल लढवली. पाडण्यासाठी रिकाम्या केलेल्या जुन्या इमारतींनाही गरम पाण्याचे पाइप जोडून दिले. बॉयलर खुशीत धडधडू लागला.

दुसऱ्या दिवशी त्या जुन्या इमारतींतून हलवलेल्या मोरागबाई त्यांच्या कचेरीत हजर.

"काय हो टुलॉक, तीस वर्षं मी त्या घरात कोट घालून जेवले. मला बाहेर काढल्यावर तिथे खोलीखोलीत रेडिएटर तापवताय होय?"

"बाई, त्याशिवाय नव्या घरांना ऊब मिळत नाही."

"तापवा बापडे! माझं दुसऱ्या टप्प्यातलं घर कधी, तेवढं सांगा. दोन वर्षं सुनेच्या सोफ्यावर झोपतेय. पाहुणे आले की ती सोफ्याबरोबर माझ्यावरही चादर घालते."

"दुसरा टप्पा जुन्या इमारतींच्या जागेवरच आहे ना. त्या पाडल्या की बांधकाम सुरू."

"मग पाडा की!"

"आत्ता पाडल्या तर बॉयलर बंद पडेल."

"अहो, मग पाडणार तरी कधी?"

टुलॉकसाहेबांनी शांतपणे चष्मा पुसला.

 

"दुसऱ्या टप्प्यात तुम्ही राहायला आलात, की लगेच."