भुताच्या तंबूची अट

पास्टर ग्रेगनी तिसरं भूतही खोडलं.

क्वेकर्स हिलच्या चर्चच्या हॉलमध्ये दीड-दीड मीटरवर खुर्च्या टाकून हॅलोविन कार्निव्हलची कमिटी बसली होती. पास्टरना भुतं नको होती, कारण चर्चच्या आवारात सैतानाला आमंत्रण देणं बरं दिसत नाही. शाळेच्या मुख्याध्यापिकेला रक्त नको होतं, कारण पहिलीतली मुलं घाबरतात. गल्लीच्या प्रतिनिधी बाईंना किंकाळ्या नको होत्या, कारण त्यांचं कुत्रं घाबरतं. वर करोना होताच. यादीत उरले भोपळे आणि सॉसेज. सगळं जमवून आणायची जबाबदारी दीक्षाची होती, आणि वर्षभर एकही वाढदिवस धड साजरा न झालेल्या पोरांना तिनं भुताचा तंबू कबूल करून ठेवला होता. तिची स्वतःची सात वर्षांची मयूरा कॅलेंडरवर फुल्या मारत होती.

"भूत मी करतो," मागच्या खुर्चीवरून आवाज आला.

हे दीक्षाचे बाबा, शिवराम. फेब्रुवारीत नागपूरहून तीन महिन्यांसाठी लेकीकडे परदेशी आले आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकले. आई, कमलाबाई, एप्रिलमध्ये मागून यायच्या होत्या. त्या तिकडे एकट्याच राहिल्या. शिवरामांनी चाळीस वर्षं विदर्भात गावोगाव फिरून भुतं पळवली होती. बुवाबाबांच्या युक्त्या आधी करून दाखवायच्या, मग फोडून सांगायच्या, हे त्यांचं काम. लोकांच्या गळ्यातले ताईत कापून कापून त्यांनी पोतं भरलं होतं. त्यातला पहिला ताईत कमलाबाईंचा, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कापलेला. त्या आठ दिवस बोलल्या नव्हत्या. हा किस्सा शिवराम इतक्यांदा सांगत, की शेजारच्या गोऱ्या म्हातारीलाही तो पाठ झाला होता.

"म्हणजे तुम्ही भूत दाखवणार, आणि ते खोटं आहे हेही सांगणार?" पास्टरनी विचारलं.

"एव्हरी भूत," शिवराम म्हणाले.

मुख्याध्यापिका 'विज्ञान' म्हणून खूश झाल्या. पास्टरनी मात्र अट घातली. तंबूतली एकही गोष्ट समजावल्याशिवाय मूल बाहेर पडता कामा नये. पडलं, तर तंबू तिथल्या तिथे बंद. ते स्वतः दाराशी यादी घेऊन उभे राहणार होते.

मग तीन आठवडे दीक्षाचं गॅरेज म्हणजे स्मशान झालं. हळदीच्या पाण्यात धुण्याचा सोडा पडला की रक्त. पोकळ भोपळ्यात मयूराची रिमोटची गाडी घातली की तो चालायला लागायचा. म्हातारा खुशीत होता. रोज साडेचार वाजता, तिकडच्या सकाळच्या जेवणाच्या वेळी, तेवढा फोन घेऊन कपड्यांच्या दोरीपलीकडे जायचा आणि आईशी पाठमोरा बोलायचा. या वयात कसली प्रायव्हसी, असं म्हणून दीक्षा हसायची. आई हल्ली जेवत होती, एवढं तिला पुरे होतं. मे महिन्यात शेजारचे दोघं करोनानं गेल्यावर आईनं अन्नच टाकलं होतं. पुढे कशानं सुधारली, ते कोणालाच कळलं नव्हतं.

"बाबा, तुमच्या शर्टाला कापराचा वास येतोय."

"तंबूत धूर करायचा हाये ना. ट्रायल करून राहिलो."

एकतीस तारखेला लख्ख उन्हात भुतं निघाली. पाच-पाच पोरं तंबूत जात होती, किंचाळत होती आणि मग हळदीवर माना डोलावत बाहेर येत होती. शिवराम सगळ्यांना हात जोडून "जय भीम" म्हणत. दुपारपर्यंत पास्टरही "जय भीम, मेट" म्हणायला लागले आणि यादीवर बरोबरच्या खुणा करत राहिले.

मयूराचा नंबर शेवटून तिसऱ्या गटात लागला. भोपळ्यातून गाडी काढून दाखवायला शिवराम वाकले, आणि त्यांच्या शर्टातून काळ्या दोऱ्याला बांधलेली एक पुरचुंडी बाहेर लोंबायला लागली.

"आजोबा, व्हॉट्स दॅट?" मयूरा म्हणाली. "यू डिडन्ट एक्स्प्लेन दॅट वन."

पास्टरची पेन्सिल थांबली. बाहेर अजून दोन गट रांगेत होते. "सॉरी, मेट," ते म्हणाले. "अट म्हणजे अट."

दीक्षानं दोऱ्याकडे पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं. पोतंभर ताईत कापणाऱ्या माणसाच्या गळ्यात हे?

"कापूर, ओवा, लवंग," शिवराम खाली बघत म्हणाले. "व्हॉट्सअ‍ॅपवर म्हणतात, यानं करोना होत नाही. साफ खोटं हाये."

"मग का घातलंत, बाबा?"

शिवराम पुरचुंडी परत शर्टात कोंबायला लागले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. साडेचार वाजले होते. स्क्रीनवर कमलाबाई होत्या, पुढ्यात झाकलेलं ताट.

"दाखवा," त्या म्हणाल्या.

शिवरामांनी सगळ्यांच्या देखत पुरचुंडी कॅमेऱ्यासमोर धरली.

"कापूर बदलला का?"

"काल बदलला."

"बरं. आता जेवते." आणि फोन बंद झाला.

दीक्षानं मास्क डोळ्यांपर्यंत ओढला. पास्टरना शब्द एकही कळला नव्हता, तरी तंबू बंद करायचं सोडून ते पेन्सिल धरून थांबले होते. मयूरानं आजोबांची बाही ओढली.

"सो डझ इट वर्क?"

"येतो ना गुण, बेटा," शिवराम म्हणाले. "मला नाही. आजीला."