दरडोई

स्वरूपाने फळ्यावर दोन रेघा काढल्या, एक भारताची आणि एक दक्षिण कोरियाची. साठ सालाच्या सुमारास दोन्ही तळालाच होत्या, एकमेकींपासून फार लांब नाहीत. पुढे कोरियाची रेघ अशी काही चढत गेली की फळा संपला आणि खडू भिंतीवर गेला. थेरगावच्या त्या बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसलेली मुलं हसली. चाकणच्या कंपन्यांतली पहिली शिफ्ट उरकून ती थेट इथे यायची, बँकेच्या परीक्षेची तयारी करायला.

आतल्या खोलीत कोंडीराम खोकत होते. ते स्वरूपाचे सासरे. शिकवणीभर त्यांचा खोकला चालायचा, आणि आता तो कुणाच्या कानावरही येत नसे.

"देशाची सगळी कमाई भागिले सगळी डोकी, म्हणजे दरडोई उत्पन्न," स्वरूपा म्हणाली. "कमाई तेवढीच राहिली आणि डोकी घटली, तरी रेघ वरच जाणार."

सोनूने हात वर केला. ती एका कोरियन कंपनीत कामाला होती. "आमचे साहेब सांगत होते मॅडम, त्यांच्या गावातली शाळा बंद पडली. मुलंच होत नाहीत म्हणे. मग शेवटी एकच माणूस उरला, तर सगळ्यात श्रीमंत देश तोच का?"

या वेळी कुणी हसलं नाही.

विषय सोपा करावा म्हणून स्वरूपाने नेहमीची युक्ती काढली. "हे घरच एक देश समजा." तिने चार गोल काढले. नवरा, ती, मुलगी आणि सासरे. "शेजारचं घर दुसरा देश. कमाई आमच्याइतकीच, पण डोकी तीन. दर वर्षी तेच पुढे. आता आम्ही त्यांना गाठायचं कसं?"

कमाई वाढवून, हे उत्तर तिला हवं होतं. सोनू उठली आणि तिने बोटाने शेवटचा गोल पुसून टाकला.

"झाली बरोबरी, मॅडम."

आतला खोकला थांबला.

भागाकार तोंडी जमण्यासारखा होता आणि स्वरूपाच्या मनाने तो करूनही टाकला. आकडा वाढला तसं तिला चक्क हलकं वाटलं. तिने घाईघाईने तो गोल पुन्हा काढला. आतून काहीच ऐकू येईना. सगळेजण दाराकडे बघत राहिले. मग कपाट उघडल्याचा आवाज झाला, तांब्यातून पाणी ओतल्याचा झाला, आणि दार उघडलं.

कोंडीरामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि केस पाण्याने चापूनचोपून बसवले होते. फळ्यावरच्या गोलांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर स्वरूपाला सोपं गेलं असतं.

"आमच्या कंपनीत बी अशाच दोन रेघा लावल्या व्हत्या," ते मुलांना म्हणाले. "येक आमची, येक जपानच्या कंपनीची. माणशी माल किती निघतो त्याची. रेघा लागल्या की समजायचं, आता स्वेच्छानिवृत्तीचे कागद येणार. येकेकाला केबिनमधी बोलवायचे. जो जाईल त्याच्या मागं आमची रेघ थोडी वर सरकायची."

"मामा, ते नुसतं उदाहरण होतं हो," स्वरूपा म्हणाली.

"व्हय. सायेब बी तसंच म्हनायचे."

ते मुलांमध्ये जागा करून सतरंजीवर बसले. खिशातलं पेन काढून त्यांनी टोपण उघडलं आणि मान वर करून सुनेकडे पाहिलं, अगदी मायेने.

"आण पोरी कागद. सही कुठं करायची, तेवढं दाव."