माइकवरची टोपी

वॉशिंग मशीन टुंगकन वाजलं आणि घरच्याच रेकॉर्डिंगसाठी कोटांच्या कपाटात शिरून गायिकेने लावलेला सूर पुन्हा वाया गेला. हेडफोनमधून ड्रमर करवादला, “अगं, पहिला अल्बम आहे आपला. संध्याकाळपर्यंत हे गाणं आलं नाही, तर गाळावं लागेल.” “मशीनला सांग की.” “मशीनचं सोड. डूम मेटल आहे हे, संथ, काळोखं रॉक; मरणाचं गाणं. तू अंगाई काय गातेस?” तिने दातओठ खाल्ले. कुणाच्या मरणाचं, हे बँडला कधी सांगितलंच नव्हतं. फुंकर लागू नये म्हणून माइकवर चढवलेली, लेकीच्या जन्माच्याही कितीतरी आधी विणलेली, कधीच न वापरलेली इवली टोपी सारखी करून तिने सूर लावला. या वेळी तो जमिनीखालून यावा तसा आला. शेवटच्या ओळीला कपाटाचं दार करकरलं. झोपेतून उठलेली लेक माइकवरची टोपी काढून डोक्यावर दाबत म्हणाली, “मला होत नाही. मग कुणाची गं, आई?”