अर्धी बाटली

त्या काळात चाचणीतल्या रुग्णांना "कसं वाटतंय?" असं कुणी विचारत नसे. मनगटावरची पट्टी दर तासाला रक्त तपासायची आणि सगळं कळवायची. संधिवातावरच्या चिनी काढ्याच्या या चाचणीत निम्म्या जणांना खरा काढा मिळे आणि निम्म्यांना तितकाच कडू, पण नकली. कुणाला कुठला, हे फक्त संगणकाला ठाऊक असे, आणि तो सांभाळणाऱ्या मंजिरीला. तिची आईही रुग्णांमध्ये होती.

पाचव्या महिन्यात पट्ट्यांनी गडबड पकडली. नकली काढा घेणाऱ्या रोझीबायच्या रक्तात खरं औषध सापडलं आणि मंजिरीच्या आईच्या रक्तातलं औषध निम्म्यावर आलं. चाचणीचे प्रमुख डॉक्टर साठ्यांनी दोघींना बोलावून घेतलं; मंजिरीही तिथेच होती.

"मीच देते तिला माझ्या बाटलीतलं अर्धं," आई सहज म्हणाली. "दोघी एकाच दिवशी आलो. माझी बोटं वळायला लागली, हिची तशीच आखडलेली. बघवेना मला."

"मी नकोच म्हणत होते," रोझीबाय पुटपुटली. "ज्याचं त्याचं नशीब."

मंजिरीचे कान तापले. संगणकाने खरा काढा रोझीबायच्याच नावावर टाकला होता. पहिल्याच दिवशी मंजिरीने दोघींच्या क्रमांकांची अदलाबदल केली होती.

"डॉक्टर, खरी बाटली रोझीबायची होती," ती कशीबशी म्हणाली. "मी ती आईला दिली."

डॉक्टरांनी तिचं ओळखपत्र मागून घेतलं. मंजिरीने मान वर केली, तेव्हा आई तिच्याकडे बघतही नव्हती.

"मला माहीत नव्हतं गं," ती रोझीबायला म्हणत होती. "खरंच माहीत नव्हतं."