बाजूला ठेवलेल्या कांड्या

मिस्त्रींनी बिस्किटांचा डबा तिच्या टेबलावर ठेवला आणि ओशाळं हसत उभे राहिले. त्यांच्या नोकरीचा आज शेवटचा दिवस. दुपारी भाषणं झाली होती, मनगटावर भेटीचं नवंकोरं घड्याळ आलं होतं, सुनेनं इस्त्री करून दिलेल्या कोटाची घडी अजून मोडली नव्हती.

तिला मात्र त्यांच्याशी दोन शब्द बोलायलाही फुरसत नव्हती. चार वाजता अहवाल जायचा होता. धातूची पूड थरावर थर वितळवून छापलेले सांधे लहान मुलांच्या कृत्रिम पायांत बसायचे होते; पहिले चाळीस खोक्यांत भरून तयार होते. ते तीस लाख पावलं टिकतील, असं तिनं सही करून सांगायचं होतं. सांध्यांच्या शेजारी, त्याच पत्र्यावर, त्याच पुडीतून छापलेल्या बोटाएवढ्या कांड्या ती तीन वर्षं यंत्रात ताणून बघत होती. सेकंदाला तीस हिसके. पहिल्या वर्षी एक लवकर तुटली तेव्हा विभागप्रमुख सरांनी तिच्यावरच खापर फोडलं होतं, तिरकी पकडली असशील म्हणून. तेव्हापासून कांड्या छापणारे मिस्त्रीच त्या यंत्रात लावायचे, आणि त्यानंतर एकही वेळेआधी तुटली नव्हती. अहवाल ती चौथ्यांदा वाचत होती. चूक सापडत नव्हती आणि रुखरुख जात नव्हती.

डब्यात काय आहे, असं तिनं मान वर न करताच विचारलं.

"वाईट कांड्या, ताई," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही सहा मागायच्या, मी आठ छापायचो. अंगठा फिरवला की कळतं कुठली खरखरीत आहे ते. त्या बाजूला ठेवायचो."

तिची मान वर झाली. मिस्त्री बापडे कौतुकानं सांगत होते. ती कांडी तुटली त्या दिवशी ताई जिन्यात बसून रडल्या होत्या, ते त्यांनी पाहिलं होतं. घरची लेक असती तर असंच केलं असतं. तीन वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नाही. आता कपाट दुसऱ्याच्या ताब्यात जायचं, म्हणून डबा तिच्या हवाली.

तिनं झाकण काढलं. एकोणतीस कांड्या. प्रत्येक कागदात गुंडाळलेली, वर त्यांच्या वळणदार अक्षरात तारीख, आणि बहुतेक कागदांवर एकच शेरा: कोपऱ्यातली.

"काका, पत्र्याच्या कोपऱ्यातले सांधे कोण निवडतं?"

"सांधे कशाला निवडायचे? ते पॉलिशला जातात. परत येतात तेव्हा सगळे सारखेच चकचकीत."

म्हणजे तिनं ताणल्या त्या निवडलेल्या कांड्या, आणि खोक्यांत गेले ते न निवडलेले सांधे. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. झाकण लावलं असतं, डबा भंगारात टाकला असता, तर या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. मिस्त्री समाधानानं घरी गेले असते आणि तिची तीन वर्षं पाण्यात गेली नसती. हा विचार तिच्या मनात आला, आणि चांगला मिनिटभर राहिला. तिला त्यांचा भयंकर राग आला. इतक्या मायेनं तिच्याशी इथं दुसरं कुणी वागलंच नव्हतं, त्यामुळे रागवायचीही सोय नव्हती.

मग तिनं डब्यातली एक कांडी उचलली आणि यंत्राकडे गेली. तिरकी बसू नये म्हणून दोनदा सोडवून तिसऱ्यांदा लावली. मिस्त्री चहाचा कप घेऊन मागोमाग आले. आज नको म्हणाले, सव्वा दिवस चालेल, मी काही बघायला नसेन. तिनं कळ दाबली. यंत्र घुमू लागलं, हिसक्यांचा आकडा पळू लागला. ती दारापर्यंत जायची, परत यायची, आकडा बघायची, पुन्हा दारापर्यंत जायची.

टक्क.

एकतीस हजार चारशे. मिस्त्रींच्या कपात अजून घोटभर चहा होता, आणि तो कोमटही होता.

त्यांनी वाकून आकडा वाचला. मग हळूच म्हणाले, "पावलांत सांगा."

"धावत्या खेळत्या पोराचा एक आठवडा."

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. आपल्या उजव्या अंगठ्याकडे त्यांनी असं पाहिलं की तिला तिकडे बघवेना.

तेवढ्यात सर दारातून डोकावले. अहवाल गेला का, विचारलं. तिनं काय झालं ते सांगितलं, तुटलेली कांडी पुढे केली. सरांनी ती हातात घेण्याचीही तसदी घेतली नाही.

"तिरकी पकडली असशील. पूर्वीही पकडली होतीस. चार वाजता पाठव म्हणजे झालं."

त्यांच्या पावलांचा आवाज जिना उतरून गेला. तिच्या मागे कोट काढल्याची सळसळ झाली. मिस्त्रींनी तो खुर्चीच्या पाठीवर नीट अडकवला, नवं घड्याळ सोडून खिशात टाकलं आणि बाह्या वर सारल्या.

"डबा इकडे आणा, ताई. पुढची मी लावतो. मग म्हणू देत तिरकी."

आणि डब्यात हात घालून, अंगठा न फिरवता, हाताला लागली ती कांडी त्यांनी उचलली.