ओल्यावरच रोलर

मंगल कार्यालयाच्या हॉलचं छत आज रंगवून द्यायचं होतं, आणि माझ्या नवऱ्याची उजव्या हाताची बोटं टेम्पोच्या फाळक्यात चेंगरून पट्टीत होती.

"चार दिवस थांबू," हे म्हणाले. "स्प्रे मारायला मिस्त्रीचा हात लागतो."

लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या मागे रोलर फिरवत आले. हे मशीननं रंग उडवत पुढे जायचे, मी तो ओला असतानाच रोलरनं एकसारखा करायची. जरा रेंगाळले की ओरडायचे, "सुकायच्या आत फिरव. मागे राहू नकोस." रंगाचा पट्टा संपताना ह्यांचा हात आधी थांबायचा, गनच्या चापावरचं बोट नंतर सुटायचं, आणि तिथंच रंग ओघळायचा. ते ओघळ मी रोलरनं जिरवले. कुणाला कधी दिसले नाहीत.

मी तोंडाला फडकं बांधलं, रोलरचा दांडा ह्यांच्या डाव्या हातात दिला आणि स्प्रेची गन उचलली.

"लोक काय म्हणतील?"

"लोक छत बघतील."

हात चालता ठेवूनच मी चाप दाबला आणि हात थांबायच्या आधी सोडला. पट्टा कडेपर्यंत सपाट गेला, कुठंही ओघळ आला नाही. हे मान वर करून बघत राहिले.

"सुकायच्या आत फिरवा," मी म्हणाले. "मागे राहू नका."

दुपारी कार्यालयाचे मॅनेजर दारात आले. "मिस्त्री कुठायत?"

ह्यांनी तोंड उघडलं. मी गन न थांबवता म्हणाले, "बोला."