अर्जातली दोन पानं

ताईने लाल पेनाचं टोपण काढलं आणि धाकटीने ओट्याकडे तोंड फिरवलं. घासलेलेच कप ती पुन्हा घासू लागली.

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पीएचडीचा अर्ज संध्याकाळी पाचपर्यंत पाठवायचा होता. 'मला याच विषयात संशोधन का करायचं आहे' ही त्याला जोडायची दोन पानं तिने आठवडाभर ताईपासून लपवली होती. पण ताई छापखान्यात मुद्रितं तपासायची. घरातलं चिटोरंसुद्धा तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. आज जेवण झाल्यावर तिने नुसता हात पुढे केला. धाकटीला पानं द्यावीच लागली.

पेन दोन-तीनदा कागदावर टेकलं. ऱ्हस्व-दीर्घ असणार. पान उलटलं, आणि पेन थांबलं.

ताई कुठे पोचली ते धाकटीला न बघताही कळलं. आईने बोलणं टाकलं, अंथरूण धरलं, ती चार वर्षं. 'या काळात मी एकटीने आईला सांभाळलं. तिची सकाळची गोळी, तिचं जेवण, तिचं रडणं,' असं तिथे लिहिलं होतं. त्या चार वर्षांत धाकटी वसतिगृहात होती. सुट्टीतही अभ्यासाचं निमित्त काढून तिकडेच राहायची. घरी आलीच, तर आईच्या खोलीत जायचं टाळायची. कॉलेज सोडून घरी बसली होती ती ताई.

धाकटीची कानशिलं तापली. ताई ओरडली तर बरं, असं तिला वाटलं. पानं फाडली तर त्याहून बरं.

"गोळी सकाळची नव्हती," ताई म्हणाली. "रात्रीची होती. सकाळी दिली असती तर दिवसभर झोपून राहिली असती. मुलाखतीत पकडतील तुला."

"ताई, मी काढून टाकते ते."

"मग उरतं काय?"

ताईच्या आवाजात राग नव्हता. तिने खरंच विचारलं होतं. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय उरतं ते तिला ठाऊक होतं. आईला भिऊन ती पळाली होती आणि ते पळणं अजून तिची पाठ सोडत नव्हतं. पण असलं कुणी अर्जात लिहितं का?

ताईने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. हे फार वरवरचं झालंय म्हणाली, मी सांगते तसं लिही म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत, मजकूर सांगावा तशा सावकाश आवाजात तिने सुरुवात केली.

"आईला झोप यायची नाही, तेव्हा मी पलंगाच्या कडेला बसायचे. ती माझं मनगट धरून ठेवायची. तहान लागली तरी मी उठायचे नाही. एकदा मला तिचा इतका राग आला, की मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि ओरडले. परत आले तर ती म्हणाली, दमलीस का गं? दोन महिन्यांत ती तेवढंच बोलली."

हे ताईने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. ती 'मी' म्हणाली की धाकटीही 'मी' लिहीत होती. एक अक्षर बदलावं लागत नव्हतं.

सांगून झाल्यावर ताईने पडद्यावरचा मजकूर पुन्हा एकदा वाचला, एक स्वल्पविराम सुचवला.

"आता खाली तुझं नाव घाल," ती म्हणाली.

धाकटीने घातलं.